‘मिस्टर कुठे आहेत?’ : विक्रेत्याचा प्रश्न आणि मालकीचा प्रश्न

एकटी स्त्री मोटारीच्या वा स्कूटरच्या दालनात शिरते, बांधकाम कंपनीच्या विक्री कार्यालयात सदनिकेचा नकाशा मागते, किंवा बँकेच्या कर्ज विभागात अर्ज घेऊन बसते, तेव्हा पहिल्या पाच मिनिटांत तिला एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो. मराठी मुलखात तो ‘मिस्टर कुठे आहेत?’ असा असतो, हिंदी प्रदेशात ‘साहब नहीं आए?’ असा, आणि तालुक्याच्या गावी ट्रॅक्टरच्या दुकानात ‘मालक कधी येतील?’ असा. विचारणाऱ्याचा सूर बहुधा उर्मट नसतो. तो अदबीने बोलतो, खुर्ची पुढे करतो, पाणी मागवतो. फक्त किंमत, इंजिन, व्याजाचा दर आणि ताबा मिळण्याची तारीख या चार बाबी तो तिच्याशी बोलत नाही. मागून येणाऱ्या, किंवा यावा असे त्याने गृहीत धरलेल्या, पुरुषासाठी त्या राखून ठेवतो.

या विषयासाठी पक्षाच्या पत्रातील जागा का खर्च करावी, अशी शंका काही कॉम्रेड्सनी बोलून दाखवली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : मोटार, सदनिका या मध्यमवर्गाच्या वस्तू आहेत, ज्या देशात कोट्यवधी कष्टकरी स्त्रियांच्या हाती किमान वेतनही पडत नाही, तेथे शोरूममधल्या अपमानाची कैफियत मांडणे म्हणजे चळवळीचे लक्ष भलतीकडे नेणे होय, आणि बिचारा सेल्समन हासुद्धा पगारी नोकरच, त्याच्यावर कोरडे ओढून काय मिळणार? यांपैकी शेवटच्या आक्षेपात तथ्य आहे व त्याचा विचार पुढे केला आहे. पहिल्या दोहोंत मात्र प्रश्नाचे स्वरूपच हुकलेले आहे.

प्रथम हे पाहू की हा प्रश्न नेमका कोणत्या वस्तूपाशी विचारला जातो. तो केवळ किमतीने ठरतो असे समजणे चूक आहे. सराफाच्या पेढीवर स्कूटरहून महाग पाटल्या घेणाऱ्या स्त्रीचे मनःपूर्वक स्वागत होते. धुण्याचे यंत्र, शीतकपाट, मिक्सर यांच्या दुकानात तर विक्रेता तिच्याशीच बोलतो. भाजीचा कप्पा किती मोठा, चादर धुऊन निघेल की नाही, हे तिला समजावतो, आणि हप्त्याचा कागद निघाला की मान किंचित वळवून शेजारच्या पुरुषाकडे पाहतो. म्हणजे जी वस्तू तिच्या घरकामाचे अवजार आहे किंवा तिच्या अंगावरचा दागिना आहे, तेथे तिची पसंती ग्राह्य धरली जाते. जी वस्तू हलण्याची, कमावण्याची, वारसा ठेवण्याची ताकद देते, म्हणजे वाहन, घर, जमीन, यंत्र, रोखे, तेथे ती अचानक अजाण ठरते. १९८० च्या दशकात दूरदर्शनवर गाजलेल्या ‘सर्फ’च्या जाहिरातीतील ललिताजी पुष्कळांना आठवत असतील. भाजीवाल्याशी हिशेब करणारी, स्वस्त आणि चांगले यांतला फरक ओळखणारी ती गृहिणी व्यवहारज्ञानाचा आदर्श म्हणून सादर झाली. जाहिरातदारांनी स्त्रीच्या बुद्धीला मान दिला खरा, पण तो धुण्याच्या पावडरीच्या पुड्यापर्यंत!

भाषांतराचे काम करणाऱ्याला शब्दांची झाडाझडती घ्यावीच लागते. आपल्या मराठीत ‘मालक’ म्हणजे वस्तूचा स्वामी आणि ‘आमचे मालक’ म्हणजे नवरा. ‘यजमान’, ‘घरधनी’ यांचीही तीच कथा. खुद्द ‘पती’ या शब्दाचा मूळ अर्थ धनी, स्वामी असाच आहे. कन्नडमध्येही ‘यजमान’ हा घराचा कर्ता असतो आणि नवराही. उलट ‘मालकीण’ म्हटल्यावर बहुतेक वेळा मालकाची बायको डोळ्यांपुढे येते. जिच्या नावावर सातबारा आहे ती बाई येत नाही. तेव्हा ट्रॅक्टरवाला जेव्हा ‘मालक कधी येतील?’ असे विचारतो, तेव्हा तो नवऱ्याविषयी विचारतो की मालमत्तेच्या धन्याविषयी, हे त्याला स्वतःलाही वेगळे करून सांगता येणार नाही.

आणि येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे : त्याचा अंदाज पुष्कळदा बरोबर निघतो. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील वहिवाटदार खातेदारांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे १४ टक्के होते. शेतात राबणाऱ्या स्त्रियांची संख्या आणि हा आकडा यांतील दरी कोणत्याही गावच्या बांधावर उभे राहून दिसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत घर किंवा जमीन एकटीच्या वा संयुक्त नावावर असल्याचे सांगणाऱ्या स्त्रिया ४३.३ टक्के भरल्या, आणि त्यातही ‘संयुक्त’ या शब्दाआड किती सह्या घेऊन बाजूला सारलेल्या स्त्रिया आहेत, हे मोजण्याची सोय त्या तक्त्यात नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला वारस मानले. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली तिला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मजात सहहिस्सेदार केले. २००५ पूर्वी वडील वारले असले तरी हा हक्क बुडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. एवढे सगळे झाल्यावरही तलाठ्याच्या कचेरीत बहिणींना रांगेत बसवून हक्कसोड पत्रावर त्यांच्या सह्या घेतल्या जातात आणि त्यांची बोळवण साडीचोळीवर होते. सेल्समन याच समाजात वाढला आहे. त्याच्या आईने, आत्याने, बहिणीने असा कागद लिहून दिलेला त्याने पाहिलेला असतो. समोर आलेली स्त्री धनी नसणार, हा त्याचा कयास म्हणजे देशातील मालमत्ता-संबंधांचा एक ओबडधोबड पण वास्तवाला धरून केलेला अहवालच आहे. म्हणूनच त्याला ‘स्त्रियांशी सौजन्याने वागा’ असे दोन दिवसांचे प्रशिक्षण देऊन हा प्रश्न मिटणार नाही.

परंतु हा कयास नुसता अहवाल राहत नाही, तो पुढच्या व्यवहाराला आकार देतो. स्वतःची मिळकत घेऊन आलेली शिक्षिका, परिचारिका किंवा बँक कर्मचारी दोनदा टोलवली गेली की तिसऱ्या वेळी भावाला किंवा नवऱ्याला सोबत नेते. तो सोबत आला की सदनिकेच्या नोंदणी अर्जावर ‘मुख्य अर्जदार’ या रकान्यात त्याचे नाव आपोआप पडते आणि ती ‘सहअर्जदार’ होते, मग हप्ता तिच्या पगारातून कापला जात असला तरीही. पत्रव्यवहार त्याच्या नावे येतो, संदेश त्याच्या दूरध्वनीवर येतात, आणि दहा वर्षांनी घर मोडायची वेळ आली की ते कोणाचे होते, याचा पुरावा याच कागदांतून शोधला जातो. कायद्याने दिलेला हक्क असा काउंटरवर, चहाच्या कपासोबत, कोणाच्याही लक्षात न येता परत काढून घेतला जातो.

शिवाय यात रोख नुकसानही आहे. जेथे भाव ठरलेला नसतो, घासाघीस करावी लागते, तेथे विक्रेता ज्याला अडाणी समजतो त्याच्याकडून जास्त उकळतो. हे अमेरिकेत पद्धतशीर तपासले गेले. कायद्याचे प्राध्यापक इयन एअर्स यांनी शिकागो परिसरातील मोटार विक्रेत्यांकडे सारख्याच पद्धतीने घासाघीस करण्यास शिकवलेली माणसे पाठवली आणि १९९१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. गोऱ्या पुरुषाला देऊ केलेल्या भावात विक्रेत्याचा जो नफा होता, त्याहून गोऱ्या स्त्रीकडून ४० टक्के अधिक नफा मागितला गेला. काळ्या पुरुषाकडून दुपटीहून अधिक. आणि काळ्या स्त्रीकडून तिपटीहून अधिक. वंश आणि लिंग यांच्या नावाने वसूल होणारा हा खासगी कर आहे. ज्या देशात १९७४ पर्यंत बँका विवाहित स्त्रीला नवऱ्याच्या सहीविना कर्ज बिनदिक्कत नाकारू शकत होत्या आणि त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला, त्या ‘पुढारलेल्या’ भांडवली देशाची ही कथा. खुली बाजारपेठ ग्राहकाचे लिंग पाहत नाही, तिला फक्त पैसा दिसतो, असे जे आपल्याला पढवले जाते, त्याचा फोलपणा दाखवण्यास हे उदाहरण पुरेसे आहे.

प्रस्तुत लेखिकेने दिल्लीत स्कूटर घेतली, तेव्हा सोबत कार्यालयातील एक ज्येष्ठ कॉम्रेड आले होते. त्यांना सायकलखेरीज काहीही चालवता येत नाही. उन्हातून जरा गारव्यात बसावे, एवढाच त्यांचा हेतू होता. विक्रेत्याने एक लिटरमध्ये किती अंतर, सुटे भाग कुठे मिळतात, विमा किती, हे सारे त्यांना सांगितले. आपल्याला गाडी येत नाही, घेणाऱ्या या आहेत, असे त्यांनी दोनदा बजावले. त्यावर ‘काही हरकत नाही सर, शिकाल,’ असा दिलासा त्यांना मिळाला. मला गुलाबी रंगाचा नमुना दाखवण्यात आला. या प्रसंगी आम्ही दोघेही हसलो हे खरे. पण पैसे माझ्या खात्यातून गेले असताना पावतीवर आधी त्यांचे नाव लिहिले गेले होते आणि ते खोडून घेण्यास अर्धा तास लागला, हेही तितकेच खरे.

सगळा दोष दुकानदारीवर टाकून मोकळे होता येत नाही, कारण खुद्द राज्यसंस्था हाच प्रश्न विचारत आली आहे. लेखिका गीता हरिहरन यांनी १९८४ साली आपल्या अज्ञान मुलाच्या नावे ९ टक्के व्याजाचे रिलीफ बाँड घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला. त्यांच्या पतीची त्याला पूर्ण संमती होती. बँकेने उत्तर दिले : वडिलांची सही आणा, नाहीतर आपण पालक असल्याचा दाखला आणा. १९५६ च्या कायद्यात हिंदू मुलाचा नैसर्गिक पालक ‘वडील, आणि त्यांच्यानंतर आई’ असा लिहिलेला होता. ‘त्यांच्यानंतर’ म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतरच असे नव्हे, त्यांच्या गैरहजेरीतही, असा अर्थ लावून घेण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचा १९९९ चा निकाल यावा लागला. पंधरा वर्षे! देशाच्या मध्यवर्ती बँकेने आणि कोपऱ्यावरच्या स्कूटरवाल्याने एकच प्रश्न विचारला होता, एकाने छापील पत्रावर आणि दुसऱ्याने तोंडी. आयकर खात्याच्या पॅन अर्जावर वडिलांचे नाव डिसेंबर २०१८ पर्यंत सक्तीचे होते; मग एकट्या आईने वाढवलेल्यांना तेवढी मुभा मिळाली. वाहन नोंदणीच्या अर्जात मालकाच्या नावापुढे अमक्याचा मुलगा, अमक्याची पत्नी किंवा मुलगी हा रकाना आहे. पुरुष तेथे फक्त मुलगा असतो. स्त्री मुलगी तरी असावी लागते नाहीतर बायको तरी.

आता त्या ‘मध्यमवर्गीय’ आक्षेपाकडे वळू. हा प्रश्न मोटारीपुरताच असता तर तो कदाचित काही काळ बाजूला ठेवता आला असता. परंतु गावोगावी लघुवित्त कंपन्यांच्या बैठका भरतात, तेथे कर्ज जवळजवळ केवळ स्त्रियांनाच दिले जाते. का? कारण त्या फेडतात, लाजेकाजेस्तव फेडतात, शेजारणीचा हप्ताही भरतात. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने या कर्जांच्या व्याजावरील मर्यादा उठवली. वीस टक्क्यांहून चढे व्याज तेथे नवलाईचे नाही. म्हणजे चढ्या व्याजाचे कर्ज डोक्यावर घ्यायचे असेल तर भूमिहीन मजूर स्त्री अत्यंत विश्वासार्ह ठरते, आणि तीच स्त्री बँकेत म्हशीसाठी वा पिठाच्या गिरणीसाठी दोन लाख मागायला गेली की तिला ‘घरचे कोणी’ घेऊन यायला सांगतात. कर्जबाजारी होण्यास लायक, मालक होण्यास नालायक, हे वर्गीकरण कोणत्या वर्गाच्या स्त्रीसाठी केलेले आहे, ते आक्षेप घेणाऱ्या कॉम्रेड्सनी सांगावे.

ट्रॅक्टर आणि अवजारांचेही तेच. कृषी यांत्रिकीकरणाच्या केंद्रीय योजनेत लहान व सीमांत, दलित-आदिवासी आणि स्त्री शेतकऱ्यांना ५० टक्क्यांपर्यंत व इतरांना ४० टक्क्यांपर्यंत अनुदान ठेवलेले आहे. कागदावर उत्तम. मात्र महाराष्ट्रात त्यासाठी सातबारा स्वतःच्या नावावर असावा लागतो. नवऱ्याने आत्महत्या केल्यानंतर विदर्भ-मराठवाड्यात जमीन कसणाऱ्या कितीतरी स्त्रिया त्या सातबाऱ्यावर आपले नाव लागावे म्हणून दीराशी, सासऱ्याशी आणि तलाठ्याशी वर्षानुवर्षे झगडत आहेत. ज्यांना अवजार हवे आहे त्यांच्याजवळ कागद नाही. आणि ज्या घरात कागद बायकोच्या नावे केला आहे, तेथे पुष्कळदा ती हार घातलेल्या ट्रॅक्टरजवळ छायाचित्रापुरती उभी असते. हे छायाचित्र दुकानदारानेच काढलेले असते आणि पुढच्या वेळी एकटी स्त्री दुकानात आली की त्याला तेच आठवते.

सवलतींचे राजकारण असेच उलटे चालते. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून केवळ स्त्रियांच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट मिळते. दिल्लीत स्त्रीला पुरुषापेक्षा कमी दर आहे. आमचा या सवलतींना विरोध नाही; कागदावरचे नाव हेही अडचणीच्या वेळी शस्त्र ठरते. पण घराच्या विक्री कार्यालयात काय घडते पाहा. ‘मॅडमच्या नावावर घ्या सर, पन्नास लाखांवर पन्नास हजार वाचतील,’ असे विक्रेता नवऱ्याला सांगतो, आणि मॅडम शेजारच्याच खुर्चीवर बसलेल्या असतात. महाराष्ट्राच्या आदेशात तर सुरुवातीला अशी अट होती की हे घर पंधरा वर्षे कोणा पुरुषाला विकायचे नाही. २०२३ साली ती काढली गेली. तोवर मालकीण असूनही गिऱ्हाईक निवडण्याची मोकळीक तिला नव्हती. काही बँका गृहकर्जावर स्त्रियांना ०.०५ टक्का सूट देतात. वीस लाखांच्या कर्जावर पहिल्या वर्षी ती जेमतेम हजार रुपयांची होते. मग महिलादिनी तिच्या जाहिरातीवर किती खर्च होतो, हेही एकदा जाहीर व्हावे!

भांडवलदारांनी या तक्रारीवर स्वतःचा तोडगाही शोधून ठेवला आहे : वेगळे दुकान. ‘हीरो होंडा’ने २००६ च्या सुमारास स्त्रियांसाठी ‘प्लेझर’ स्कूटर बाजारात आणली आणि केवळ स्त्री कर्मचारी असलेली दालने उघडली. गर्दीच्या लोकलमध्ये बायकांचा डबा आवश्यक आहे, याबद्दल दुमत नाही. पण स्कूटर विकत घेताना धोका कोणता, की तेथेही वेगळा डबा लागावा? मोटारसायकली जुन्या दालनात, जुन्या विक्रेत्यांकडे, जुन्याच गृहीतकांसह राहिल्या. नवा ग्राहकवर्ग हाती आला, जुना पूर्वग्रह शाबूत राहिला, आणि दोन्हींतून नफा झाला.

उरतो तो सेल्समन. त्याची तुटपुंजी पगारपट्टी, महिनाअखेरचे विक्रीचे लक्ष्य आणि दलालीवर अवलंबून असलेली चूल आपण विसरता कामा नये. ‘निर्णय कोण घेणार ते आधी ओळखा, इतरांवर वेळ घालवू नका,’ हे त्याला व्यवस्थापनच शिकवते. मजूर म्हणून त्याची पिळवणूक होते आणि पुरुष म्हणून त्याला अर्धा तास कोणावर तरी वरचढ होता येते. या दुसऱ्या मिळकतीवर मालकाला एक पैसाही खर्च करावा लागत नाही. अशा वेळी ‘तोही श्रमिकच’ असे म्हणून गप्प बसणे म्हणजे त्याला त्या फुकट भत्त्यावर राहू देणे. दुकान कर्मचाऱ्यांत संघटनेचे काम करणाऱ्यांनी केरळकडे पाहावे. कोझिकोडच्या दुकानांतून दिवसभर उभ्या राहणाऱ्या विक्रेत्या स्त्रियांनी बसण्याच्या हक्कासाठी वर्षानुवर्षे लढा दिला. २०१८ साली केरळच्या दुकाने व आस्थापना कायद्यात त्यासाठी दुरुस्ती झाली आणि २०२१ साली तामिळनाडूने तोच मार्ग धरला. काउंटरच्या आतल्या स्त्रीला स्टूल नाकारणारा आणि बाहेरच्या स्त्रीला किंमत न सांगणारा मालक एकच आहे. विक्री कर्मचाऱ्यांच्या मागणीपत्रात पगार व कामाचे तास यांच्यासोबत ही प्रशिक्षणाची पुस्तकेही आली पाहिजेत, कारण ती लिहिणारा कर्मचारी नसतो.

राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदाने लिंगाच्या कारणावरून कोणालाही दुकानात प्रवेश नाकारण्यास मनाई केली आहे. ही तरतूद ज्या संघर्षातून आली, त्याचे मोल आम्ही जाणतो. पण दार उघडे ठेवून भाव बंद ठेवला, तर तक्रार कोठे करायची? १९८६ च्या आणि त्याच्या जागी आलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल आहे, खोटी जाहिरात आहे, सेवेतील उणीव आहे. स्त्री आहे म्हणून व्यवहारच केला नाही, ही तक्रार यांपैकी कोणत्या रकान्यात बसवायची याचे उत्तर नाही. अनुचित व्यापारी प्रथांच्या व्याख्येत लिंगभेदाचा स्पष्ट उल्लेख व्हावा, आणि संयुक्त खरेदीत ज्याच्या पगारातून हप्ता जातो त्याचे वा तिचे नाव प्रथम लिहिणे बंधनकारक व्हावे, या मागण्या महिला संघटनांनी आणि संसदेतील आपल्या सदस्यांनी घेतल्या पाहिजेत.

त्याआधी एक काम घरचेच आहे. खासगी मालमत्ता आणि स्त्रीची ताबेदारी यांचा संबंध एंगल्सने १८८४ साली मांडला, हे आपल्या अभ्यासवर्गात दरवर्षी शिकवले जाते. शिकवणाऱ्यांच्या घराचे कागद कोणी पाहिले आहेत? येत्या शाखा-बैठकांत प्रत्येक सदस्याने आपणहून सांगावे, की घर, सातबारा आणि गाडी कोणाच्या नावावर आहे, संयुक्त असल्यास पहिले नाव कोणाचे आहे, आणि बहिणींकडून हक्कसोड पत्र घेतले आहे किंवा नाही. सुरुवात पदाधिकाऱ्यांपासून व्हावी, आणि जेथे असे पत्र घेतलेले आढळेल तेथे बहिणीचा हिस्सा तिच्या नावे परत करण्याची मुदत त्याच बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवावी.